विजेची शिदोरी

“ज्या विमानाला इंजिनच नाहीं, त्याला बॅटरी हवी कशाला रे?” असा प्रश्न आमच्या आत्याबाईंनीं गेल्या माघांत माझ्या पुतण्याला विचारला. त्या वेळीं त्याच्या ग्लायडरचें नाक उघडून ठेवलेलें होतें आणि आंतील तारांचें जाळें बाहेर आलें होतें. प्रश्न भाबडा दिसतो. पण या छंदांत पडलेल्या पुष्कळ मुलांनीं तो स्वतःस कधीं विचारलेलाच नसतो, आणि म्हणूनच त्यांचीं विमानें हातचीं जातात असें आतां माझें मत झालें आहे. या सदरांत आजवर पतंग, दुर्बीण, दगडांचे संग्रह अशा नाना छंदांविषयीं मी लिहिलें. रेडिओनें चालविण्याच्या ग्लायडरविषयीं लिहावें अशी कांहीं वाचकांची जुनी सूचना होती. विमान कसें बांधावें, पंख कसे मढवावे, हें शिकविणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या कामांत मी ढवळाढवळ करीत नाहीं. आज केवळ त्या विमानाच्या पोटांतील विजेची भरणी व निगा एवढ्याच विषयास हात घालतों. कारण तेवढ्याच बाबतींत आमच्या घरानें किंमत मोजून शहाणपण घेतलें आहे.

आत्याबाईंच्या प्रश्नाचें उत्तर असें. इंजिनाच्या विमानाला तेल किंवा वीज हें अन्न आहे. तें संपलें कीं विमान खालीं येतें. ग्लायडर आपल्या वजनानें सारखें खालीं घसरत असतें, आणि टेकडीवर आपटून वर चढणाऱ्या वाऱ्याचा वेग त्या घसरण्याच्या वेगाहून अधिक असला म्हणजे तें उलट वर जातें. वाऱ्याच्या अंगीं बळ केवढें असतें पाहा! अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें पार्कर माउंटन म्हणून एक डोंगर आहे. तेथें २०२१ च्या जानेवारींत स्पेन्सर लिझेनबी यांच्या बिनइंजिनाच्या, रेडिओनें चालविलेल्या ग्लायडरचा वेग ताशीं ५४८ मैल, म्हणजे सुमारें ८८२ किलोमीटर, मोजला गेला. बॅटरीनें त्या विमानाला वीतभरही पुढें ढकललें नव्हतें. जमिनीवरून आलेला हुकूम ऐकणारा रिसीव्हर आणि त्या हुकुमाप्रमाणें पंखांच्या व शेपटीच्या झडपा हलविणारे सर्वो, यांनाच काय ती तिनें वीज पुरविली.

मग ही वीज संपली म्हणजे काय व्हावें? विमान पडत नाहीं. तें उडतच राहतें. फक्त कोणाचें ऐकेनासें होतें. हा भेद मुलांच्या मनांत प्रथम ठसविला पाहिजे. मोटारीवर उडणाऱ्या खेळण्याची बॅटरी दमत चालली कीं त्याचा आवाज उतरतो, वेग मंदावतो, मुलगा सावध होतो. ग्लायडर अगदीं शेवटच्या क्षणापर्यंत तितक्याच डौलानें तरंगत असतें आणि मग एकाएकीं लगाम सुटतो.

आमचा लगाम सुटला तो गेल्या वर्षीं फाल्गुनांत. आम्ही पांच-सहा मंडळी गांवाबाहेरच्या टेकडीवर गेलों होतों. पुतण्याचें विमान तीन मीटर पंखांचें, वजन सव्वादोन किलोच्या आसपास. दुपारीं तीनच्या सुमारास पश्चिमेचा वारा लागला आणि विमान जें वर गेलें तें उतरण्याचें नांवच घेईना. थोरल्या वहिनींनीं आणलेले दडपे पोहे खाऊन झाले, चहा झाला, तरी तें वरच. सव्वादोन तास होत आले असतां पुतण्या एकदम म्हणाला, “काका, वळत नाहीं!” त्यानें दांडी डावीकडे नेली, विमान उजव्या अंगावर कललेलें तें तसेंच. मध्येंच शुद्धीवर आल्यासारखें क्षणभर वळलें, पुन्हां हट्टाला पेटलें, आणि मग मोठालीं वर्तुळें घेत वाऱ्याबरोबर टेकडीच्या पाठीमागें जाऊं लागलें. त्या अंगाला हरभऱ्याची काढणी चालली होती. बांधावरच्या बाभळीला एका मजूर बाईनें आपल्या तान्ह्या मुलाची झोळी बांधली होती. विमान त्या बाभळीपासून दहा पावलांवर नाकानें मातींत शिरलें. ग्लायडरच्या नाकांत शिसें भरलेलें असतें, हें येथें लक्षांत घ्यावें. बाईनें आम्हांला एक शब्दही बोलून दाखविला नाहीं. तिनें धांवत येऊन मूल झोळींतून काढलें, आमच्याकडे एकवार पाहिलें, आणि झोळी सोडून ती दुसऱ्या झाडाकडे गेली. परत येतांना गाडींत कोणी बोललें नाहीं.

घरीं आल्यावर चौकशी सुरू झाली. रेडिओ बिघडला असावा अशी माझी समजूत. बॅटरीचा दोष नाहीं अशी पुतण्याची खात्री. “चार्जरचा हिरवा दिवा लागला होता, मी स्वतः पाहिला,” हें तो पुन्हां पुन्हां सांगत होता, आणि तें खरेंही होतें. दिव्यानें खोटें सांगितलेलें नव्हतें. आम्हीच त्याच्या सांगण्याचा भलता अर्थ केला होता.

ज्यांनीं आजोळीं पाण्याचे रांजण पाहिले आहेत त्यांना हें चटकन् समजेल. तळाशीं हातभर गाळ सांचलेला रांजणही वरून कांठोकांठ भरलेलाच दिसतो. चार्जर हा पाणी ओतणारा आहे. पाणी कांठाला लागलें कीं तो ओतणें थांबवितो आणि हिरवा दिवा लावतो. रांजणांत पाणी किती मावलें याच्याशीं त्या दिव्याला कर्तव्य नसतें. आमच्या बॅटरीवर २००० मिलिॲम्पिअर-तास अशी समाई छापलेली होती. एका जाणत्या स्नेह्यानें ती पूर्ण भरली आणि मग ४०० मिलिॲम्पिअरच्या ठराविक प्रवाहानें रिती करीत घड्याळ लावलें. २००० ची समाई असती तर तिनें पांच तास काढावयाचे. ती एक तास सेहेचाळीस मिनिटांत संपली. म्हणजे सुमारें ७१० मिलिॲम्पिअर-तास. मागाहून तेच सर्वो दुसऱ्या विमानांत घालून, उडवून आल्यावर बॅटरींत किती वीज परत घालावी लागते याची नोंद ठेवली, तेव्हां ताशीं ३०० च्या आसपास खर्च दिसून आला. सव्वादोन तासांचे झाले ६७५. हिशोब इतका काटेकोर जुळला कीं कोणालाच पुढें कांहीं बोलण्यास जागा राहिली नाहीं.

एवढी समाई गेली कोठें? ज्येष्ठांत पाऊस लागल्यावर विमान माळ्यावर गेलें, तें कार्तिकांत उतरलें. बॅटरी मात्र त्याच्या पोटांतच, तारा जोडलेल्या, अर्धी रिती, अशी पांच महिने पडून होती. आम्ही समजत होतों कीं वापरानें वस्तु झिजते आणि ठेवून दिली कीं टिकते. पितळेच्या समईला तें लागू असेल, विद्युद्घटाला नाहीं. घट म्हणजे बंद डब्यांत चाललेली रासायनिक क्रिया. ती आपण नसतांनाही मंद गतीनें चालूच असते, आणि उन्हाळ्यांत तिची गति वाढते. माझ्या पाहण्यांतील बहुतेक बॅटऱ्या हवेंत मेलेल्या नाहींत, कपाटांत मेल्या आहेत.

आमची बॅटरी निकेल-मेटल-हायड्राइड जातीची, चार घट एकापुढें एक जोडून केलेली होती. अशा प्रत्येक घटाचा विद्युद्दाब १.२ व्होल्ट, म्हणून चौघांचा मिळून ४.८. ही मांडणी पालखीसारखी आहे. चार भोयांपैकीं एक दमला तरी पालखी चालतच राहते. पण त्या दमलेल्याला बाकीचे तिघे फरफटत नेतात. एक घट आधीं रिता झाला असतां उरलेल्या तिघांचा प्रवाह त्याच्यांतून जात राहतो आणि त्याचे ध्रुव उलटे होतात. असा एकदां उलटलेला घट पुन्हां भरतां येतो, पण त्याचें पूर्वींचें बळ क्वचितच परत येतें. म्हणून बॅटरी ‘अगदीं तळापर्यंत रिती करून मग भरावी’ ही जुन्या लोकांच्या तोंडची शिकवण जपून ऐकावी. ती शिकवण निकेल-कॅडमियम घटांच्या काळांतली आहे. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनीं १८९९ सालीं काढलेल्या त्या घटाला ‘संवय’ लागते, म्हणजे रोज अर्धाच रिता केला तर तो पुढें अर्धीच वीज देऊं लागतो, असें सांगितलें जाई. त्यांत तथ्य थोडें होतें आणि भीति फार होती. संवय घालविण्याच्या नादांत लोकांनीं जितके घट उलटे करून मारले, तितके त्या संवयीनें खास मेले नसतील.

आतां धोक्याची सूचना आधीं कां मिळत नाहीं तें सांगतों. या घटाचा दाब भरल्या पोटीं थोडा अधिक असतो, मग बराच काळ १.२ च्या जवळ सपाट चालतो आणि शेवटीं कड्यावरून उडी टाकल्यासारखा कोसळतो. त्यामुळें उडवण्यापूर्वीं नुसता मापक लावून दाब पाहिला तर निम्मी बॅटरी आणि भरलेली बॅटरी जवळजवळ सारख्याच भासतात. मापक लावावयाचाच तर कांहीं भार जोडून लावावा; विमानाचे सर्व सर्वो एकदम हलवीत ठेवावे आणि त्या वेळीं दाब किती उतरतो हें पाहावें. वारा जोराचा असला कीं झडपेवर दाब येतो, सर्वो अधिक प्रवाह ओढतो, दमलेल्या घटाचा दाब क्षणभर खचतो. हल्लींचा रिसीव्हर म्हणजे एक छोटा संगणकच. दाब फार खचला कीं तो बंद पडून पुन्हां नव्यानें सुरू होतो. आमचें विमान मध्येंच ‘शुद्धीवर’ आलें होतें तें यामुळें. रेडिओचा संदेश तुटला असतां झडपा अमुक स्थितींत जाव्या अशी सोय पुष्कळ रिसीव्हरांत असते आणि ती अवश्य योजावी. पण वीजच नसेल तर ती सोय तरी कोण अमलांत आणणार? सर्वो जेथें असेल तेथें राहतो.

भरणीची जुनी आणि निर्धोक रीत मंद आहे. समाईच्या दहाव्या हिश्शाएवढा प्रवाह द्यावा, म्हणजे २००० च्या बॅटरीला २०० मिलिॲम्पिअर, आणि तो चौदा ते सोळा तास ठेवावा. दहाव्या हिश्शानें दहाच तासांत भरणी का होऊं नये, असें कोणी चाणाक्ष मूल विचारील. दिलेली सारी वीज घटांत सांठत नाहीं, कांहीं उष्णतेच्या रूपानें वाया जाते. चौदा तास लागतात ते म्हणून. नवी बॅटरी किंवा पुष्कळ दिवस पडून राहिलेली बॅटरी पहिल्या वेळीं याच रीतीनें भरावी. तिच्यांतील चौघे घट त्यामुळें एका पातळीवर येतात. घाईची भरणी करणारा चार्जर मात्र वेगळ्या युक्तीनें चालतो. घट पूर्ण भरला कीं त्याचा दाब वाढण्याचा थांबून किंचित् उतरतो. ही उतरण हेरून चार्जर थांबतो. निकेल-मेटल-हायड्राइडमध्यें ही उतरण अतिशय लहान, कांहीं थोड्या मिलिव्होल्टांची असते, आणि प्रवाह फार मंद ठेवला तर ती दिसतच नाहीं. तेव्हां अशा चार्जरावर अर्धवट मंद प्रवाह लावून ‘आपण जपून भरतों आहों’ असें मानणाऱ्याची बॅटरी भरून वर तापत राहते. एक तर पूर्ण मंद आणि घड्याळावर, नाहीं तर समाईच्या निम्म्याहून अधिक प्रवाहानें आणि चार्जरच्या हवालीं. बॅटरी हाताला कोमट लागली तर चालेल. चटका बसतां कामा नये. उन्हांत तापलेली बॅटरी निवल्याशिवाय भरूं नये, हें आपल्या वैशाखांत निराळें सांगावयास नकोच.

या जातींतही पोटजात आहे. साधे घट नुसते ठेवले असतां महिन्याभरांत आपली बरीच वीज स्वतःच गमावून बसतात. २००५ सालीं जपानच्या सान्यो कंपनीनें एनलूप या नांवानें जे घट बाजारांत आणले, ते वर्षभर ठेवूनही बहुतांश भरलेले राहतात. कागदावर त्यांची समाई थोडी कमी दिसते. पण माझ्यासारख्या रविवारीं टेकडीवर जाणाऱ्या माणसानें तेच घ्यावे. आणि येथें ग्लायडरवाल्याला एक सवलत आहे ती इतरांना नाहीं. मोटारीच्या विमानांत बॅटरीचें वजन हें संकटच असतें. ग्लायडरचें शेपूट लांब, म्हणून तोल साधण्यासाठीं नाकांत शिसें घालावेंच लागतें. मग शिसें काढून तितक्याच वजनाची मोठी बॅटरी कां घालूं नये? पुतण्याच्या नव्या विमानांत आम्हीं हेंच केलें. वजन एक तोळाही न वाढतां समाई दुपटीहून अधिक झाली. हातानें भिरकावून उडवावयाच्या पावशेर वजनाच्या ग्लायडरांना ही सवलत नाहीं. त्यांत लिथियमचा एकच घट बसवितात.

लिथियमचें नांव निघालें म्हणून आतां घराविषयीं बोलणें प्राप्त आहे. कारण निकेलची चूक विमानाला भोंवते, लिथियमची चूक घराला. लिथियम-आयन घट १९९१ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें बाजारांत आणला, आणि त्याच्या पायाभरणीसाठीं जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या खिशांतील दूरध्वनींत तोच घट आहे. पण तेथें त्याच्यावर राखण करणारें यंत्रही बसविलेलें असतें. विमानाच्या छंदांत वापरतात त्या मऊ पिशवीवजा लिथियम-पॉलिमर बॅटरींत सहसा अशी राखण नसते. ती राखण आपण करावयाची.

तिचे आंकडे थोडे आहेत आणि ते पाठच असावे. घटाचा नांवाचा दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२, त्याच्यावर एक कणही नाहीं, ३.० च्या खालीं कधींही नाहीं, आणि शहाणा माणूस ३.५ च्या आसपासच विमान उतरवितो. प्रवाह समाईइतका, म्हणजे १३०० च्या बॅटरीला १.३ ॲम्पिअर, याहून अधिक देण्याची हौस करूं नये. दोन-तीन घट असतील तर प्रत्येकाचा दाब स्वतंत्रपणें सारखा करणारी बारीक तारांची जोडणी असते, ती दर वेळीं लावावी. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: चार्जरावर बॅटरीची जात निवडावी लागते. लिथियमची बॅटरी निकेलच्या खुणेवर भरावयास लावली, तर चार्जर दाबाच्या उतरणीची वाट पाहत बसतो; ती येण्याआधीं आग येते. म्हणून आमच्याकडे निकेलच्या बॅटऱ्यांना हिरवी फीत आणि लिथियमला तांबडी फीत बांधली आहे, आणि चार्जर सुरू करण्यापूर्वीं दुसऱ्या कोणीतरी एकदां पाहावयाचें असा नियम आहे. घरांत माणसें पुष्कळ असण्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

भरणीची जागा आम्हीं मागच्या पडवींत, फरशीवर ठरविली. पूर्वीं ती माडीवर, गादीच्या कडेला, रात्रीं दिवे मालवल्यावर होत असे! आजोबांच्या खोलीखालींच. तो प्रकार आठवला कीं अजूनही मला अस्वस्थ वाटतें. लिथियमची बॅटरी माणूस जवळ जागा असतांनाच भरावी. आसपास कापड, कागद, लांकूड नसावें. भरणी झाली कीं तार काढावी. क्वचित् पेट घेतलाच, तर मुख्य विजेचा खटका बंद करून माणसें बाहेर काढावीं, आणि अग्निशामक दलास १०१ वर बोलवावें. त्या धुरांत विषारी वायु असतात. बॅटरी वांचविण्यासाठीं त्यांत तोंड घालूं नये. एक गोष्ट ग्लायडरवाल्यांसाठीं विशेष: बॅटरी नाकांत असल्यामुळें विमान आपटलें कीं पहिला घाव तिच्यावरच बसतो. आपटलेली, दबलेली लिथियम बॅटरी तशीच गाडींत टाकून घरीं आणूं नये. मोकळ्या जागीं दगडावर ठेवून निदान अर्धा तास तिच्याकडे लक्ष द्यावें. कांहीं वेळां ती उशिरानें तापते. दबली असेल तर पुन्हां भरण्याचें नांव काढूं नये.

लिथियमचीच एक शांत स्वभावाची बहीण आहे, लिथियम-आयर्न-फॉस्फेट. गुडइनफ यांच्या टेक्सासमधील प्रयोगशाळेंतून तिच्याविषयींचा निबंध १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावर गुडइनफ यांच्यासमवेत पाधी व नंजुंडस्वामी हीं दोन भारतीय नांवें आहेत, हें आपल्या मुलांना अवश्य सांगावें. हिचा दाब कमी, घटामागें ३.३ च्या आसपास, भरणी ३.६ पर्यंत, पण ती उष्णतेला सहज भडकत नाहीं आणि बरेच दिवस ठेवली तरी वीज राखते. दोन घटांची ६.६ व्होल्टांची बॅटरी ग्लायडरच्या नाकांत उत्तम शोभते. मात्र रिसीव्हर व सर्वो एवढा दाब सोसणारे आहेत ना हें आधीं पाहावें, आणि चार्जरावर तिची खूण निराळी आहे हें विसरूं नये. पुतण्याच्या नव्या विमानांत मी हीच घातली आहे. ज्यांच्या ग्लायडरला केवळ वर चढण्यापुरती मोटार असते, त्यांत मोटार व झडपा एकाच बॅटरीवर चालतात. तेथें मोटार किती वेळ फिरविली याची टिपणी ठेवून झडपांचा वांटा आधीं बाजूला काढावा, पाहुण्यांच्या पंक्तीआधीं वाढप्यांचें पान झांकून ठेवतात तसा.

पावसाळ्याची व्यवस्था आतां अशी आहे. ज्येष्ठ लागण्यापूर्वीं सर्व बॅटऱ्या विमानांतून बाहेर काढावयाच्या, तारा सोडवून. लिथियम-पॉलिमर घट ३.८ व्होल्टांवर, म्हणजे अर्ध्यापोटीं ठेवावयाचे. ‘भरून ठेवावें, म्हणजे लागेल तेव्हां तयार’ ही गृहिणीची सवय धान्याच्या कोठीला योग्य असली तरी येथें घातक आहे. पूर्ण भरलेला लिथियम घट उकाड्यांत फुगतो. हल्लींच्या चार्जरांवर अशा ठेवणीसाठीं निराळी खूण असते. निकेलचे घट भरून ठेवले तर चालतात. दर दोन महिन्यांनीं पुन्हां भरावे. जागा कोरडी व थंड असावी. पण शीतकपाटांत ठेवण्याच्या भानगडींत पडूं नये. बाहेर काढतांच त्यांवर दंव धरतें, शिवाय दह्याशेजारीं बॅटरी पाहून वहिनी काय म्हणतील हें मला ठाऊक आहे. कोंकणांतल्या वाचकांनीं जोडणीच्या पितळी टोकांकडे आणि खटक्याकडेही पाहावें. खारी हवा त्यांना खाते. निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांत ऋण बाजूची तार आंतून काळी पडते, वरचें वेष्टन मात्र नवें दिसतें. अशी तार टोकाशीं थोडी सोलून पाहावी आणि काळी निघाली तर सबंध बदलावी.

प्रत्येक बॅटरीवर खरेदीचा महिना आणि गेल्या मोजणीची समाई लिहिलेली चिठ्ठी आहे. वर्षांतून दोनदां, होळीच्या आधीं आणि दिवाळींत, मोजणी होते. छापील समाईच्या पाऊण हिश्शाखालीं आली कीं ती विमानांतून निवृत्त होते. निकेलची असेल तर विजेरींत जाते. हवेंत किती वेळ राहावयाचें तेंही चिठ्ठीवरूनच ठरतें: मोजलेल्या समाईच्या निम्मा खर्च झाला कीं विमान खालीं. वारा कितीही गोड असो.

एका भगिनीनें विचारलें आहे कीं परदेशांतून येणाऱ्या मुलाला अशा बॅटऱ्या विमानप्रवासांत आणतां येतील काय. सुट्या लिथियम बॅटऱ्या मोठ्या सामानांत देतां येत नाहींत; त्या हातच्या पिशवींत, टोकें चिकटपट्टीनें झांकून आणाव्या. मर्यादा वॅट-तासांत मोजतात: दाब गुणिले ॲम्पिअर-तास. तीन घटांची ११.१ व्होल्टांची, २२०० ची बॅटरी सुमारें २४ वॅट-तासांची होते. १०० पर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाहीं. तरी ज्या कंपनीचें तिकीट असेल तिचा नियम आधीं वाचावा.

फुगलेल्या बॅटरीचें काय करावें, हाही प्रश्न दोघांनीं विचारला आहे. टोंचूं नये, दाबूं नये, मिठाच्या पाण्यांत बुडविण्याचा जो उपाय सर्रास सांगतात तो करूं नये; त्यानें टोकें गंजून जातात आणि आंत वीज तशीच राहूं शकते. अंगणांत, मोकळ्या जागीं, एखादा लहान दिवा जोडून ती हळूहळू रिती होऊं द्यावी, टोकें झांकावीं आणि विद्युत्-कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन द्यावी. भारत सरकारच्या २०२२ च्या नियमांनीं जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. घरच्या केराच्या बादलींत ती जातां कामा नये, कारण पुढें तो केर हातानें निवडणारीं माणसें आहेत.

पुतण्या चैत्रांत नवें विमान घेऊन पुन्हां त्याच टेकडीवर गेला. जाण्यापूर्वीं त्यानें मागच्या उतारावर काम आहे काय याची चौकशी केली. काढणी उरकली होती, शेत मोकळें होतें. विमान चाळीस मिनिटें उडवून त्यानें चिठ्ठीप्रमाणें उतरविलें. पुढील अंकीं त्या विमानाच्या पंखांवरील कागदाविषयीं लिहीन.